पोहायला शिकवायचं शिकताना

पोहायला शिकवायचं ट्रेनिंग घेणाऱ्यांकडे किस्से साठतातच. अर्धा दिवस काठावर कुडकुडत पाळीची वाट बघायची, आणि अंगात तेवढं एक तोंडच गरम! मी मोखाड्याच्या शाळेत पीटी शिकवते. जामसरच्या बंधाऱ्यावर आमचं ट्रेनिंग झालं. तिथे जे पाहिलं, ते आठवलं की अजून अंगावर काटा येतो.

*

पहिल्या दिवशी ठाण्याहून आलेल्या सरांनी विचारलं, "पोहता कोणाकोणाला येतं?" वर हात फक्त माझा. सरांनी कपाळाला हात लावला.

तेवढ्यात वाऱ्याने सरांची टोपी उडाली, ती थेट बंधाऱ्याच्या मध्यावर. आमच्यातला दाभोशाचा महादूभाऊ सरळ पाण्यात शिरला आणि टोपी डोक्यावर घालून परत आला.

"अहो, तुम्हाला तर मस्त पोहता येतं!"

"हे पोहणं कुठं, सर? हे टोपी आणणं!"

*

मग महादूभाऊला लाइफ जॅकेट चढवलं. तो बुडी मारायला बघतो, की लगेच वर! पुन्हा बुडी, पुन्हा वर. शेवटी वैतागून काठावर आला आणि जॅकेट सरांच्या हातात दिलं.

"दुसरं द्या. हे खराब आहे. बुडूच देत नाय!"

*

सुनंदा महादूभाऊची शेजारीण, एका लेकीची आई. सरांनी तळाशी वीट टाकली आणि तिला आणायला सांगितलं. ती खाली गेली ती वर येईचना. सर उडी मारणार, एवढ्यात बाई वर! एका हातात वीट, दुसऱ्या हातात हा एवढा खेकडा.

"इतका वेळ काय करत होतीस?"

"बिळात शिरत होता, सर. सोडू काय?"

*

छाती दाबून श्वास परत आणायचा सराव रबरी बाहुलीवर असतो. आधी तिला खांद्याला हलवून हाक मारायची. सुनंदाने मान वर करून सरांना विचारलं,

"हिचं नाव काय?"

"अगं, बाहुलीला कसलं नाव!"

"मंग हाक कशी मारू?"

सर म्हणाले, "बरं, कमल." झालं! "कमल, ऊठ गं! कमल!" करत सुनंदाने छाती दाबायला घेतली, ती अशी जीव तोडून, की आम्ही सगळे भोवती जमलो. शेवटी सरच खाली वाकून विचारतात, "आला का श्वास?"

*

पण एका परीक्षेत सुनंदा सारखी नापास व्हायची. कोणी बुडत असेल तर काठावरूनच दोरी बांधलेला रिकामा कॅन फेकायचा आणि ओढून घ्यायचं. स्वतः उडी मारायची नाही, कारण घाबरलेला माणूस वाचवणाऱ्यालाच मिठी मारतो. आणि ही दर वेळी कॅन काठावर टाकून स्वतः पाण्यात!

"खऱ्या वेळी दोघंही जाल!" सर ओरडले.

"ठाव आहे, सर. माजा भाऊ तसाच गेला. पन पाय आयकत नाय."

तिला सर्टिफिकेट मिळालं, तरच तिच्या पाड्यावरच्या पोरांचा पोहण्याचा वर्ग सुरू होणार होता. सरांनी दुसऱ्या दिवशीची शेवटची संधी दिली.

*

सकाळी सुनंदा लेकीला घेऊन सगळ्यांच्या आधी सरावाला आली होती. आम्ही उतारावरून खाली येत होतो, सर अजून जीपजवळ. खेळता खेळता पोरगी शेवाळावरून घसरली आणि खोल पाण्यात गेली!

सुनंदा कॅन घेऊन धावली. अगदी काठावर आली, आणि थांबली. थांबली! तिने कॅन फेकला.

"धर! रखमा, कॅन धर!"

पोरीने धरला. सुनंदा दोरी ओढत राहिली. एकदाही पाऊल पुढे पडलं नाही. पळता पळता मी ते बघत होते. इतकं अवघड काम करताना मी आयुष्यात कोणाला पाहिलेलं नाही.

पोरगी बाहेर आली, खोकली, मोठ्याने रडली. सर धापा टाकत पोचले. "पास," एवढंच त्यांच्या तोंडून निघालं.

सुनंदाने लेकीला माझ्या कडेवर दिलं. "धरा, बाई. घट्ट धरा. पाय कवाचे थोपवून धरलेत."

मग तिने पदर कमरेला खोचला आणि पाण्यात उडी मारली.