तेरच्या गाडीत कार्डाने धरलेली जागा

सोलापूरच्या कॉन्व्हेंटला सुट्टी लागली की सुलू आणि मी एकाच एसटीने घरी निघायचो. ती तेर गावची, आणि माझ्या बाबांची तेव्हा उस्मानाबादला बदली झालेली. मुलींनी रांगेतच चढायचं अशी सिस्टरची ताकीद... आम्ही रांगेतच असायचो. फक्त सुलूचा रुमाल आधीच खिडकीतून आत जाऊन बसलेला असायचा!

परवा किती वर्षांनी त्याच उस्मानाबादच्या, म्हणजे आताच्या धाराशिवच्या, स्टँडवर पुण्याहून येऊन उतरले. सुलूचा मुलगा तिला कायमचं बंगळुरूला न्यायला आला होता. जेवणं झाली की ते निघणार... त्याआधी मला तेर गाठायचं होतं.

पर्समध्ये सुनेने दिलेलं मेट्रोचं कार्ड होतं, गळ्यात अडकवायच्या निळ्या पट्टीसकट. "आई, हल्ली एकच कार्ड बऱ्याच ठिकाणी चालतं," असं ती म्हणाली होती. त्यातलं 'बऱ्याच' मी सोडून दिलं असावं.

चौकशीच्या खिडकीत कार्ड दाखवलं. तिथल्या गृहस्थांनी ते उलटसुलट पाहिलं आणि शांतपणे परत दिलं. शेजारचे एकजण म्हणाले, हा पास असणार. दुसरे म्हणाले, बँकेचं आहे, जपून ठेवा. मला स्वतःलाच कळेना, मी नक्की काय घेऊन फिरतेय...

तेवढ्यात तेरची गाडी लागली. मी दारात उभी राहून कार्ड टेकवायचं यंत्र शोधू लागले. डावीकडे नाही, उजवीकडे नाही... दाराजवळच्या दांड्यालाही टेकवून पाहिलं.

"ओ मावशी, दारात उभं राहून काय हुडकायलाव?" मागून आवाज आला. लोक दोन्ही बाजूंनी चढत होते. माझे गुडघे उभ्याने तेरपर्यंत टिकणारे नाहीत, आणि ही गाडी सोडली तर सुलू भेटणार नव्हती.

खाली खिडकीजवळ डोक्यावर पदर घेतलेल्या एक आजी होत्या. त्यांनी आपली पिशवी खिडकीतून आत ढकलली आणि मला म्हणाल्या, "अहो बाई, दाराला काय ओवाळायलाव? रुमाल टाका की आत!"

रुमाल! पर्समध्ये फक्त टिश्यू पेपर... मी खाली उतरले आणि काही विचार न करता ते कार्डच पट्टीसकट खिडकीतून फेकलं.

आत चढले तर एक टोपीवाले काका नेमके त्याच सीटवर बसायला वाकलेले. आजी मागूनच कडाडल्या, "ओ दाजी, जागा धरलीया तितं! कारड दिसंना व्हय?" काका निमूट पुढे सरकले. मी बसले, शेजारी आजी.

कंडक्टर बाई आल्या. मी सवयीने कार्ड त्यांच्या तिकिटाच्या मशीनला टेकवलं. त्यांनी मशीन मागे घेतलं.

"ताई, हे आमच्याकडं चालत न्हाय."

"जागा धराया तर चाललं की!" आजी म्हणाल्या. सगळी गाडी हसली... मीसुद्धा. मग निमूटपणे नोट काढली आणि कागदाचं तिकीट घेतलं.

तेरला पोचले तेव्हा सुलूच्या दारात कार उभी होती, डिकी उघडीच. हा सगळा गोंधळ सांगितला तर ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग ते पाणी थांबेचना... माझंही. तिच्या मुलाने डिकी लावली आणि तो पुन्हा घरात जाऊन बसला. आम्हाला आणखी एक चहा मिळाला.

ज्या आजींचं नावही विचारायचं राहिलं, त्यांना मनापासून नमस्कार.

आता वर्गातल्या मैत्रिणींनो, सुलूने दिलेली पिशवी माझ्याकडे आहे. खवा नीलाचा, आजच न्या, टिकायचा नाही. शेंगाचटणी शुभाची. पितळी करंडा मेरीला, तिने तो शाळेत असतानाच मागून ठेवला होता. कार्ड सुनेला परत.

आणि सिस्टरच्या शिवणाच्या तासाला सुलूने निळ्या दोऱ्याने कडा विणलेला रुमाल... तो माझा. कुणी मागू नका.