एर्मेन्सियाबाईंनी बदललेला शब्द

पाचवी शिकलेल्या एर्मेन्सियाबाई तीस वर्षं त्या साऱ्या डोंगरउताराची पत्रं लिहीत आल्या. कुणाचा नोकरीचा अर्ज असो की गाईंच्या लशीचा, बाई आधी गुळाचं गरम पाणी पुढे करत आणि मग वही उघडत. हट्ट एकच. कागदावर त्या आपल्या वस्तीला ‘पुएब्लो’, म्हणजे भरलं गाव, म्हणत. पुएब्लोला चौक लागतो, चर्च लागतं, रविवारचा बाजार लागतो. इथे बटाट्याच्या शेतांतून पांगलेली चोवीस घरं, दोन पायवाटा आणि एक शाळा. अशा वस्तीला सगळे ‘वेरेदा’ म्हणतात. पण सोळाव्या वर्षी बोगोटात घरकामाला असताना मालकीणबाईंनी पाहुण्यांसमोर हाच शब्द उच्चारून त्यांची थट्टा केली होती. तेव्हापासून तो त्यांच्या लेखणीतून उतरलाच नाही.

यंदा शाळेवरच बेतलं. मुलं नऊच, म्हणून ती बंद होणार अशी आवई उठली. बाईंनी सुरेख अक्षरात शिक्षण कचेरीला अर्ज धाडला. महिन्याने उत्तर आलं: पुएब्लोतल्या शाळेला पंचवीस मुलं हवीत.

वस्तीच्या सभेत शिक्षिका ओदिलियाने चाचरत सांगितलं, की वेरेदातल्या शाळेला आठ मुलंही पुरतात. म्हातारे सिनेसियो अंगावरची घोंगडी सावरत म्हणाले, “बाई, तुम्ही आम्हाला चौक दिलात, चर्च दिलंत. आता पोरांची शाळा तेवढी राहू द्या.”

लोक हसले. बाई हसल्या नाहीत. “लाज मला वाटत होती,” त्या म्हणाल्या, “आणि नाव मी तुम्हा सगळ्यांचं बदललं.”

तिथेच नवा अर्ज लिहायला घेतला. कुणीतरी सुचवलं, नुसतं ‘काम्पो’ लिहा, खेड्यापाड्याला तो शब्द कुठेही चालतो. बाईंनी नकारार्थी मान हलवली. काम्पो म्हणजे शिवार, तिथे बटाटे पिकतात. आपण राहतो ती वेरेदा. शब्द ठळक लिहून त्यांनी खाली पायवाटेच्या क्रमाने चोवीस घरांची नावं घातली.

दुधाच्या गाडीतून त्या स्वतः अर्ज घेऊन कचेरीत गेल्या. कारकुनाने वाचला, शिक्का मारला. शाळा चालू राहणार होती. मग त्याने विचारलं, पुढच्या वर्षी नवी मुलं किती येतील?

“तीन,” बाई म्हणाल्या. “शिवाय तिबादुइसांच्या सुनेला पुढच्या महिन्यात बाळ होईल.”

“ते बाळ आत्ता मोजता येत नाही, बाई.”

“मोजू नका. लिहून तेवढं ठेवा.”