शालोमभाऊंचं जाड पाकीट

शालोमभाऊ चिरनेरकर पोस्टाच्या खिडकीशी आले की माझ्या तोंडाकडे बघत नसत, हाताकडे बघत. हातात पातळ लिफाफा दिसला तर पायरीवरूनच हसायचे. जाड पाकीट दिसलं की टोपी काढून काखेत धरायचे आणि म्हणायचे, "आली का लेक माहेरी? द्या, अनंतराव. नांदवली नाही म्हणायची."

लेक म्हणजे कथा. पातळ लिफाफा म्हणजे संपादकाचं होकाराचं पत्र, आणि जाड पाकीट म्हणजे 'साभार परत'. मी पनवेलच्या पोस्टात कारकून होतो. स्वातंत्र्यानंतर चारेक वर्षांनी बदलून आलो, आणि आल्या आठवड्यात हा माणूस माझ्या वाट्याला आला. बेने इस्रायल, म्हणजे आपल्या कोकणातल्या यहुदी, घरातले, चाळिशीचे, उंच, जरा वाकलेले. नोकरी नाही, दुकान नाही, शेती नाही. लिहिणं हाच धंदा. मी म्हटलं, "अहो, लिहिणं हा काय धंदा झाला?" तर म्हणाले, "धंदाच आहे. गिऱ्हाईक कोण ते ठाऊक नाही, एवढंच."

हस्तलिखितं ते बुकपोस्टानं पाठवत. बुकपोस्ट म्हणजे काय ते आता कोणाला माहीत नसतं. हस्तलिखित, छापील कागद असलं काही स्वस्तात धाडायचं तर पाकिटाची दोन्ही टोकं उघडी ठेवायची, म्हणजे आत कोणी चिठ्ठीचपाटी कोंबली नाही ना, हे पोस्टाला बघता येतं. ते बघणं माझं काम. एवढं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

लिहायचे काय? काय नाही ते विचारा! मुंबईच्या मासिकांना कथा. बायकांच्या मासिकाला एका 'मालतीताईं'च्या नावानं लोणच्यांच्या कृती. मुलांसाठी ससे आणि कोल्हे. निवृत्त होणाऱ्या मामलेदाराला मानपत्र. आणि लग्नसराईत मंगलाष्टकं. पनवेल ते उरण निम्म्या गावांतली लग्नं या यहुदी माणसाच्या मंगलाष्टकांवर लागत. "गणपतीला तुमच्याहून जास्त नमस्कार मी घातलेत," म्हणायचे, "फक्त कागदावर." भर ज्येष्ठात, घामानं कागद हाताला चिकटत असताना, दिवाळीची थंडी आणि उटणं लिहीत बसायचे, कारण दिवाळी अंकाला मजकूर तेव्हाच द्यावा लागे. आणि प्रत्येक गोष्टीची एकच प्रत. कार्बन घालून लिहिलं की दुसरी प्रत निघते हे त्यांना कळत होतं, पण खालच्या कागदावर उमटलेलं अक्षर आपलं वाटत नाही म्हणायचे. त्यामुळे एखादं हस्तलिखित संपादकाच्या टेबलावर गहाळ झालं की ती लेक कायमची गेली. अशा तीन गेल्या. त्या तिघींची नावं घेताना त्यांचा आवाज खाली जाई.

लोकही नमुनेदार. "भाऊ, घरचंच कार्य आहे, चार ओळी द्या की टाकून!" सुताराला कोणी म्हणतं का, घरचंच कार्य आहे, चार खुर्च्या द्या टाकून? एकदा खाडीकाठच्या एका घरानं मंगलाष्टकांबद्दल सुकटीची भरलेली टोपली पाठवली. शालोमभाऊ ती घेऊन पोस्टात आले. "अनंतराव, कोळंबी-करंदी आमच्या धर्मात चालत नाही. तुम्ही न्या." मी म्हटलं, "भाऊ, आमच्या घरी टोपली नेली तर बायको मला टोपलीसकट बाहेर काढील." शेवटी आमचा पोस्टमन गोमा ती घेऊन गेला. "आमच्यात समदं चालतंय," म्हणाला, आणि महिनाभर शालोमभाऊंना वाटेत भेटला की विचारायचा, "भाव, पुढलं लगीन कवा हाय?"

हाच गोमा पहिल्या वर्षी परतीची पाकिटं थेट घरी नेऊन द्यायचा. मनानं देव माणूस, पण आवाज असा की खाडीपलीकडे जावा. गल्लीच्या तोंडापासून ओरडायचा, "शालोमभाव, तुमचं परत आलं हाय, बगा!" गल्ली ऐकायची. शिवणयंत्रावर लोकांची पोलकी शिवत बसलेल्या त्यांच्या पत्नी साराबाई ऐकायच्या. एक दिवस शालोमभाऊ खिडकीशी आले, इकडेतिकडे बघितलं आणि हळूच म्हणाले, "जाड असलं तर घरी पाठवू नका. तुमच्याकडे ठेवा. मी येऊन नेईन." तेव्हापासून माझ्या टेबलाखालच्या फळीवर त्यांची पाकिटं बसू लागली. मी ती फळीवर टाकायचो, पण उघड्या टोकातून आत कधी बघितलं नाही. दुसऱ्या कोणाचंही बुकपोस्ट मी बोट घालून तपासायचो. यांचं नाही. ज्याचं लिखाण परत आलंय त्याच्या ताटात डोकावू नये, असं मला वाटायचं. फार सभ्य होतो मी! त्या सभ्यपणाची आज मला चीड येते.

मग त्यांनी कादंबरी लिहिली. मिठागरात राबणाऱ्या चांगुणा नावाच्या बाईची. दोन वर्षं लागली. त्या दोन वर्षांत कथा कमी झाल्या, लोणची थांबली, साराबाईंच्या यंत्रावरच घर आलं. होळीनंतर ते पाकीट घेऊन आले, तेव्हा काट्यावर त्यांनी स्वतःच ठेवलं, मला हात लावू दिला नाही. मुंबईच्या एका प्रकाशकाचा पत्ता होता. मी वजन मोठ्यानं वाचलं, "अठ्ठेचाळीस तोळे." ते म्हणाले, "सोनं असतं तर साराला दिलं असतं."

श्रावणात साराबाई स्वतः खिडकीशी आल्या. तोवर त्या कधी पोस्टात आल्या नव्हत्या. म्हणाल्या, "अनंतराव, तुम्ही ह्यांचे मित्र. खरं सांगा, माणूस कागदावर जगतो का?"

मी हातातला शिक्का खाली ठेवला.

"माझा भाऊ इस्रायलला गेला तो तिकडे स्थिरावला. म्हणतो, या. काम आहे, आमच्या मुलींना शाळा आहे. कागदपत्रं आलीत, ह्यांची सही तेवढी राहिलीय. मी ह्यांना सांगितलंय, नव्याच्या सणापर्यंत थांबते. तोवर पुस्तक घेतलं तर कागद फाडून टाकीन आणि मलिदा करीन. तसा नवसच बोललेय. नाही घेतलं, तर निघायचं." नव्याचा सण म्हणजे त्यांचं वर्ष सुरू होतं तो, भादव्या-आश्विनाच्या सुमाराचा. आणि मलिदा म्हणजे पोहे, गूळ, खोबरं, फळं घालून एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याच्या नावानं करतात तो प्रसाद. बाई वाईट नव्हती हो. दमली होती.

शालोमभाऊंना मी विचारलं, तर पहिल्यांदाच चिडून बोलले. "मला शिवण येत नाही, दुकान जमत नाही, ओझं उचलवत नाही. मला एक मराठी येते. ती तिकडे कोणाला विकू?" मग टोपी घालता घालता, "पण साराचंही खोटं नाही. तिनं किती वर्षं माझ्या लेकींची माहेरपणं काढायची?"

सणाला आठ दिवस राहिले आणि पाकीट आलं. जाड. त्याच प्रकाशकाचा शिक्का. मी ते चटकन टेबलाखाली टाकलं, जणू ते कोणी बघितलंच नाही तर आलंच नाही. दुपारी शालोमभाऊ आले, माझ्या हाताकडे बघितलं. मी पाकीट पुढे केलं. त्यांनी टोपी काढली. "आली का माहेरी?" एवढंच. 'नांदवली नाही' हे पुढचं बोललेच नाहीत. पाकीट काखेत मारून गेले आणि संध्याकाळी सही करून मोकळे झाले.

दीड महिन्यात सगळं आवरलं. शिवणयंत्र विकलं तेव्हा साराबाई रडल्या. शालोमभाऊंनी हस्तलिखितांची ट्रंक माझ्या घरी आणून ठेवली. "तुम्ही पोस्टातले. लोकांचं टपाल सांभाळायची सवय आहे तुम्हाला. कोणी नांदवणारा भेटला तर द्या, नाही तर बंबात घाला." मी म्हटलं, "काहीतरीच काय बोलता!" त्यांनी माझा हात धरला तो बराच वेळ सोडला नाही. मग गेले.

ते गेल्यावर पंधराएक दिवसांनी गोमा एक कार्ड नाचवत माझ्याकडे आला. "सायेब, ह्ये शालोमभावचं हाय. भाव तं गेलं. आता काय करू?" कार्ड म्हणजे उघडंच. प्रकाशकाचं होतं, आणि चांगलंच तापलेलं. 'दोन महिने झाले, तपासायला पाठवलेली प्रुफं अद्याप परत नाहीत. आमचा टाईप अडकून पडला आहे. पडताळ्यासाठी दिलेलं हस्तलिखितही तुमच्याकडेच आहे, पुढली जुळणी कशावरून करायची? आठ दिवसांत न आल्यास जुळवलेला टाईप मोडून टाकू.'

मी घरी कसा गेलो आठवत नाही. ट्रंक उघडली. पाकीट सगळ्यात वर होतं. त्याची दोरीसुद्धा सोडलेली नव्हती. टोकातून बघितलं तर आत छापील कागद. दोरी तोडली. पहिल्या प्रुफाच्या माथ्यावर तांबड्या शाईनं लिहिलं होतं: 'कादंबरी घेतली आहे. फार आवडली. त्वरा करावी.' वेगळं पत्र टाकायची सवड त्या गृहस्थाला झाली नव्हती. मी ट्रंकेपुढे बसून हमसाहमशी रडलो. बायको कणकेच्या हातांनी धावत आली, तिला वाटलं कोणी गेलं.

दुसऱ्या दिवशी ते मी पोस्टाच्या काट्यावर ठेवलं. सत्तावन्न तोळे. जाताना अठ्ठेचाळीस होतं. परत येणारं हस्तलिखित जातानाहून जड कसं होईल? आयुष्यभर वजनं केली मी, आणि नेमकं तेच पाकीट काट्यावर टाकायचं मला सुचलं नाही.

रजा काढून मुंबईला गेलो, प्रकाशकाच्या शिव्या खाल्ल्या आणि प्रुफं मीच तपासली. येत नव्हती, तरी तपासली. वर्षाच्या आत पुस्तक निघालं. ते हातात येईपर्यंत लिहायचा धीर झाला नव्हता; मग बसून शालोमभाऊंना सगळं खरं लिहिलं. टोकं उघडी होती, आत बघणं माझं काम होतं, आणि मी बघितलं नाही, असं स्पष्ट लिहिलं. लपवून ठेवून जगता आलं नसतं.

महिन्यानं हवाई पत्र आलं. ते एका कारखान्यात खोकी बांधत होते. लिहिलं होतं: 'टोकं दोन्हीकडून उघडी होती आणि आत बघायचं धाडस दोघांनाही झालं नाही. तुम्ही माझी अब्रू राखायला बघितलं नाहीत, मी भीतीनं. मग एकट्यानंच कशाला फासावर चढता? साराला सांगितलं. ती दोन दिवस बोलली नाही. पुस्तक पाठवा, पण अख्खं नको. जाड पाकीट दिसलं की अजून माझा हात पुढे होत नाही. सुटं करून पातळ पातळ पाठवा, म्हणजे उघडीन.'

नव्याकोऱ्या प्रतीची शिवण मी ब्लेडनं उसवली. आठ भाग झाले. एकेक पाकीट जायचं आणि त्यावर त्यांचं उत्तर यायचं. आनंद कुठे दाखवतील तर शपथ. सगळ्या चुकाच! 'पान अकरावर तुम्ही स्वल्पविराम घातलात. तिथे चांगुणा दम घेत नाही.' मी ती पत्रं बायकोला वाचून दाखवायचो आणि दोघं हसायचो. सातवं पाकीट गेलं आणि माझी उरणला बदली झाली. बांधाबांधीत आठवं माझ्या पिशवीतच राहिलं. टाकू उद्या, टाकू परवा, असं करता करता दोन महिने गेले.

मग साराबाईंचं पत्र आलं. मोठं मोठं, टाक्यांसारखं अक्षर.

'हे गेले. कारखान्यातच छातीत कळ आली. इस्पितळात बारा दिवस होते. सातवं पाकीट तिथे आलं. ह्यांचे हात कापत होते, म्हणून मी वाचून दाखवलं. लग्नाला एकवीस वर्षं झाली, पण ह्यांचं लिहिलेलं मी कधी वाचलं नव्हतं. मला वाटायचं, ह्या कागदांनीच माझं घर खाल्लं. इथे मराठी मोठ्यानं वाचून दाखवायला दुसरं कोण होतं? वाचताना मी रडले, तर मलाच म्हणाले, सारा, तिथे रडायचं नाही, पुढच्या पानावर. मलिदा परवा केला. बोलले होते ना, पुस्तक घेतलं तर करीन. इथे पोहे मिळाले नाहीत, भातावर भागवलं. अनंतराव, आठवं पाकीट आलं नाही. चांगुणेला भाऊ न्यायला येतो, इथवर वाचलंय. ती मिठागर सोडून जाते की राहते? ह्यांना विचारायचं राहून गेलं. कळवा.'

चांगुणा राहते. एका शब्दाचं उत्तर. पण भावाच्या बोलावण्यावरून निघून गेलेल्या साराबाईंना तो शब्द मी कोणत्या तोंडानं लिहिणार? तीनदा कागद घेतला, तीनदा फाडला. शेवटी ठरवलं, ज्याचं आहे त्यानंच सांगावं. सकाळी उरणच्या पोस्टात खिडकी उघडायच्या आधी मी आठवं पाकीट बांधलं, काट्यावर ठेवलं, आणि या खेपेला उघड्या टोकातून दोनदा आत बघितलं.