नलूआत्याची तीनशे चाळीस पावलं

माझी आत्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी पॅसिफिकच्या किनाऱ्यावर कुणाच्या तरी डुकरांच्या कुंपणात घुसली होती, आणि "बाबांची तोफ कुठंय?" असं मराठीतून ओरडत होती.

आज सकाळी ती गेली.

रडायचं नंतर बघू. आधी ही गोष्ट सांगू द्या. आत्याला ती कितीही वेळा सांगितली तरी कमीच वाटायची.

माझे आजोबा, म्हणजे आत्याचे बाबा, जबलपूरला रांझीच्या फॅक्टरीत फिटर. लढाई पेटली तेव्हा फौजेच्या वर्कशॉपमध्ये भरती झाले. सिंगापूर पडलं आणि आजोबा जपान्यांच्या कैदेत गेले. लढाई संपल्यावर परत आले, ते पुन्हा त्याच फॅक्टरीत, त्याच बेंचवर.

पुढे पोरं झाली, तर त्यांना न्यू गिनी बेटाच्या किनाऱ्यावरच्या गोष्टी कसल्या सांगायचे? नाक वर करून रुतलेलं जहाज. नारळाच्या झाडांत अडकलेलं विमान. आणि खडकाआडची तोफ, जिच्या नळीत म्हणे खेकडे राहायचे!

माझे बाबा आणि आत्या टाळ्या पिटायचे.

बाबा अकरा वर्षांचे असताना त्यांनी हे सगळं वर्गात सांगितलं. मास्तरांनी भिंतीवरच्या नकाशावर छडी ठेवली. "सिंगापुर यहाँ. और ये टापू वहाँ. तेरे पिताजी तैरकर गए थे क्या?"

अख्खा वर्ग हसला.

बाबा घरी आले आणि आजोबांना तोंडावर म्हणाले, "तुम्ही खोटं बोलता."

आजोबांनी पुन्हा त्या किनाऱ्याचं नाव काढलं नाही. मरेपर्यंत नाही.

फक्त धाकट्या नलूला एक कागद दिला. फिटरच तो, चित्र कसलं काढतोय, ड्रॉइंगच! नदीचं मुख, जहाज, विमान, तोफ. मधल्या बाणांवर आकडे. नदीच्या मुखापासून तोफ, ३४० पावलं.

आत्या राइट टाउनच्या शाळेत भूगोल शिकवून रिटायर झाली, गुडघे गेले, तरी तिचा एकच धोशा. "बाबा खोटं नव्हते बोलत, आणि मी ते सिद्ध करणार."

माझे बाबा वैतागायचे. "नलू, काहून जीव खाऊन राहिली? झालं ते झालं."

"तुझं झालं असेल दादा. माझं नाही झालं."

मग एके दिवशी मला इंटरनेटवर पापुआ न्यू गिनीचा एक फोटो दिसला. जहाज. नाक वर!

मी स्कूटर काढली आणि थेट आत्याकडे. तिने चष्मा लावला, कागद शेजारी धरला आणि म्हणाली, "चलो. तिकीट काढ."

तीन विमानं, एक बोट. बोट वळली आणि जहाज समोर आलं! गंजून लाल, अर्धं पाण्यात. आत्या बोटीतच उभी राहिली.

"आत्या, बस खाली!"

"बसू कशी रे? बघ ना ते!"

विमानही सापडलं. त्याच्या पंखावर कुणीतरी कपडे वाळत घातले होते.

राहिली तोफ. मी नदीच्या मुखापासून मोजत निघालो. तीनशे चाळीसाव्या पावलाला डुकरं. आत्या तरीही कुंपणात शिरून शोधू लागली. डुकरांची मालकीण, रूथ नावाची बाई, हसून हसून बेजार झाली. तोफ कुठे आहे ते तिला ठाऊक होतं, पण तिने बोट वर करताच आत्या किंचाळली, "नो नो! डोन्ट टेल!"

मग माझ्याकडे वळली. "तू सहा फुटाचा ताड. बाबा माझ्या उंचीचे होते. मी चालते."

आणि चालली. काठी टेकत, थांबत, वाळूत पाय ओढत. मी मोठ्याने मोजत होतो, रूथ माझ्यामागून मराठी आकडे म्हणत होती. तीनशे अडतीस. तीनशे एकोणचाळीस. वेली बाजूला केल्या.

तोफ!!

आत्या नाचली. त्या गुडघ्यांवर नाचली! नळीत डोकावून ओरडली, "खेकडा आहे रे! खरंच आहे!"

आणि एकदम थांबली.

मागे वळून वाळूतले आपले ठसे बघत राहिली. जवळजवळ पडलेले, फरपटलेले.

"बाबा तेव्हा तिशीतले होते रे. ते माझ्यासारखे काहून चालत होते?"

मी रूथला विचारलं. जपान्यांनी सिंगापूरहून जहाजात भरून हमालीसाठी आणलेले ते कैदी तिच्या आजीने पाहिले होते. हिंदुस्थानातली माणसं, पाठीवर पोती, पोटात अन्न नाही. जो खाली बसला तो बहुतेक उठायचा नाही. कितीतरी जण तिथेच पुरलेत.

यातलं एक अक्षर आजोबांनी घरात सांगितलं नव्हतं. पोरांसाठी त्यांनी फक्त जहाज, विमान आणि खेकडे घरी आणले.

आत्या तोफेला टेकून खूप रडली. मग रांझीला दादाला फोन लाव म्हणाली.

"दादा, बाबा खोटं नव्हते बोलत रे. होतं त्याच्या निम्मंही नाही सांगितलं त्यांनी आपल्याला."

माझ्या बाबांनी फोन ठेवला. आम्ही परत आल्यावरही त्यांनी तो विषय कधी काढला नाही. मला वाटायचं, आपलं चुकलं हे म्हणणं आता त्यांच्याच्याने होणार नाही.

आज घरी माणसं जमली आहेत. आणि माझे एकोणऐंशी वर्षांचे बाबा, अकराव्या वर्षानंतर पहिल्यांदा, मोठमोठ्याने हातवारे करून सगळ्यांना आजोबांचं जहाज सांगून राहिलेत! विमान सांगितलं, खेकडे सांगितले, ती पोतीसुद्धा सांगितली.

शेजारचे दुबेजी हळूच म्हणाले, "भाईसाहब, जबलपुर का फिटर और पॅसिफिक? मानना ज़रा मुश्किल है."

बाबा उठून उभे राहिले.

"मेरी बहन नापकर आई है."

नलूआत्या, तुला नमस्कार. सुखाने जा.