यादीतला पहिला नवरदेव

बीडमध्ये आमची लग्न जुळवायची वेबसाइट आहे. मी फोन घेते आणि भागवत साइट चालवतो. चालवतो म्हणजे बिघडली की लोकांवर खेकसतो. पसंती भलत्यालाच जाते अशी तक्रार आली की याचं उत्तर तयार: "तुमच्याकडं रेंज न्हाई. माझ्याकडं तर नीट चालतंय." स्वतः तपासून बघेल तर शपथ!

तिशी उलटली तरी त्याचं लग्न जमेना, म्हणून गड्यानं स्वतःचा फोटो यादीत सगळ्यात वर चिकटवला. लगेच त्याला पसंतीवर पसंती येऊ लागली आणि याच्या डोक्यात हवा गेली.

त्याच सुमारास आष्टीचे आसारामकाका आले. साइटवर जमेना म्हणून त्यांनी आधी फोन केला होता, तेव्हा त्यांनाही रेंजचंच ऐकवलं होतं. तरी बिचारे मुलीसाठी, वर्षाराणीसाठी, भागवतलाच विचारायला स्वतः आले. मुलगी नर्स, बोलायला गोड. भागवतला मनातून आवडलेली. पण पठ्ठ्या म्हणाला, "थांबावं लागंल काका. माझ्यामागं लाईन लागली हाय." काका उठून चालते झाले. मला इतकी चीड आली!

मग गेवराईहून विठ्ठलराव त्यांच्या मुलीला, प्रियदर्शनीला, घेऊन आले. तिची पसंती आलेली, म्हणून भागवत नवा शर्ट घालून बसलेला. ती आल्या आल्या कडाडली, "मी तुमाला कावून पसंत करीन? मी त्या मास्तरला केलतं!"

"तुमच्याकडं रेंज..."

"आता तुमच्याच ऑफिसात हाय की!" तिनं फोनवर 'सरकारी नोकरी' निवडलं. यादी बदलली, मास्तर वर आले. तिनं त्यांच्या नावाखालचं बटण दाबलं आणि भागवतच्या खिशातला फोन टुणकन वाजला.

ते गेल्यावर साहेब पहिल्यांदा तपासायला बसले. अख्खं पान नव्यानं न उघडता तेवढी यादी बदलायची, ही त्याचीच हुशारी. नावं-फोटो नवे यायचे, पण पसंतीचं बटण हा वेगळा तुकडा, तो जुनाच राहायचा. नोकरीवाले निवडा नाहीतर शेतीवाले, पहिल्या बटणात आपला भागवतच! आणि हा निवड न करताच बघायचा, म्हणून त्याच्याकडं सगळं नीट चालायचं.

दुरुस्ती झाली. त्यानंतर त्याला एकही पसंती आली नाही.

शेवटी तोंड बारीक करून म्हणाला, "मनिषा, आष्टीला फोन लाव की."

"तूच लाव," मी म्हटलं. त्यानं स्पीकरवर लावला.

"वर्षाराणीची सुपारी फुटली," काका म्हणाले.

भागवतचा चेहरा उतरला. "हॅलो? काय म्हणलात? आवाज येईना, काका."

"इकडं रेंज लई चांगली हाय, बाबा," काका म्हणाले, आणि तेच वाक्य पुन्हा सावकाश सांगितलं.