बाहेर राहिलेला खडा

ग्यानबा गेल्याची खबर आली तेव्हा मी गोरेगावच्या थांब्यावर, माझी जीप कयाधूच्या पुरात पोहत पलीकडे कशी गेली, हे चौदा प्रवाशांना सांगत होतो. जीप नदीच्या मधोमध होती... ती अजून तिथंच आहे. उभ्या आयुष्यात माझी थाप अर्धी राहिली ती तेवढीच. दीड महिना झाला, पुढं काय झालं म्हणून कोणी विचारलेलं नाही. विचारणारा एकच होता.

ग्यानबा मेंढरंवाला. सकाळी वाडग्याच्या कुंपणातून मेंढरू बाहेर पडलं की एक खडा डब्यातून काढून खिशात टाकायचा. संध्याकाळी मेंढरू आत आलं की खडा परत डब्यात. खिशात खडा उरला म्हणजे एक मेंढरू रानात राहिलं. मग पठ्ठ्या जेवायला बसायचा नाही, कंदील घेऊन निघायचा.

नव्वद साली मी काळापांढरा टीव्ही आणला. अँटेना एवढी उंच लावली की घारी वळसा घालून जायच्या. वीज गेली की जीपची बॅटरी काढून जोडायची. मी टीव्हीवर कुस्ती बघायचो, ग्यानबाला मात्र मुलाखतींचं वेड लागलं. पुढाऱ्याला सवाल विचारला की हा खडा मांडीवर ठेवायचा, जवाब आला की डब्यात. एकदा जाड भिंगाचा चष्मा लावलेल्या मुलाखतकारानं एका मंत्र्याला विचारलं, "पाणी कधी येणार?" मंत्री संस्कृतीवर बोलला, मातीवर बोलला, आईवर बोलला. भिंगवाला गप्प. मग पुन्हा तोच सवाल, तेवढ्याच हळू आवाजात. चार वेळा! मंत्र्याला असा घाम फुटला की मी टीव्हीखाली घमेलं ठेवणार होतो. शेवटी तो म्हणाला, "या वर्षी नाही येणार." ग्यानबा उडी मारून उठला. "आलं! मेंढरू आत आलं!" पाणी येणार नाही याचा एवढा आनंद झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

"पण तो मधी गप काहून बसला होता?" मी विचारलं.

"खरं बोलायाला टाइम लागतो लेका. तुला न्हाई कळायचं, तुला कदी गरज पडली न्हाई."

पुढं रंगीत टीव्ही आला, छपरावर डिश आली, आणि भिंगवाला कुठं गेला कोण जाणे. आता एका पडद्यावर सहा खिडक्या, सहा तोंडं, आणि सगळ्यांच्या वर मुलाखतकाराचाच आवाज. लांडगा शिरल्यावर वाडग्यात होतो तसला कालवा. ग्यानबा खडा हातात धरून बसायचा. "हा इचारून राहिला का सांगून राहिला?" नाहीतर मग नुसतं गोडगोड... साहेबांना वांग्याची भाजी आवडते, साहेब पहाटे उठतात. "हे इचाराया एवढे दिवे काहून लावले? ह्याला मी खडा वाया घालणार न्हाई." हळूहळू तो आवाज बंद करून बघायला लागला. आम्ही दोघं मुक्या तोंडांकडं बघत बसायचो. मी त्या तोंडांत माझ्या थापा भरायचो आणि तो पोट धरून हसायचा. हसता हसता खोकायचा. खोकला वाढला तसा मी त्याला जीपमध्ये घालून हिंगोलीला नेलं. डॉक्टरांनी मला एकट्याला आत बोलावलं.

त्या संध्याकाळी माझ्याच खोलीत त्यानं टीव्ही बंद केला, डबा उघडला आणि एक खडा मांडीवर ठेवला.

"डाक्टर काय म्हनला?"

मी म्हणालो, "म्हणाला, ह्या माणसाची छाती म्हणजे औंढ्याच्या देवळाचा दगड. आधी मीच मरीन."

तो गप्प बसला. हळूच म्हणाला, "डाक्टर काय म्हनला?"

मी डॉक्टरांच्या टकलावर बोललो. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा रस्त्यातल्या खड्ड्यांवर बोललो, असे खड्डे की एकात बैलगाडी सापडली. चौथ्यांदा त्यानं नुसतं माझ्याकडं पाहिलं. मला घाम फुटला होता. तरी मी म्हणालो, "चहा घेतोस का?"

तो हसला नाही. खडा उचलून त्यानं टीव्हीवर ठेवला. "राहू दे. येईल तवा येईल. मी दार उघडं ठेवतो."

त्यानंतर तो रोज यायचा, पण एकदाही विचारलं नाही. शेवटी शेवटी धाप लागायची, तरी यायचा. बसायचा, टीव्हीवरच्या खड्याकडं बघायचा, निघून जायचा. मी रोज ठरवायचो, आज सांगतो. आणि रोज एक नवी थाप सांगायचो. तशा चांगल्या थापा मी कधी रचल्या नव्हत्या.

परवा आवाज बंद करून टीव्ही लावला. सहा तोंडं हलत होती. वर तो खडा, बोराएवढा, एका बाजूनं घासलेला. खाली त्याचा डबा, शेवटी माझ्याकडंच राहिलेला. मी टीव्ही बंद केला. बराच वेळ गप्प बसलो.

"तीन महिने म्हणाला होता डॉक्टर," मी मोठ्यानं सांगितलं. "बरोब्बर तीन महिने, ग्यानबा."

खोली केवढी मोठी वाटली. यात मी काही वाढवून सांगत नाही. खडा डब्यात टाकावा म्हणून उचलला, पण डब्याचं झाकण नेहमी तोच उघडायचा... खडा परत होता तिथं ठेवला. अजून तिथंच आहे.