मास्तरांच्या जिभेचं ठिगळ

शिंपीमास्तरांनी जन्मभर लोकांच्या कपड्यांना ठिगळं लावली, पण एक दिवस आपल्याच जिभेला ठिगळ लागेल हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. जिभेच्या कडेला गाठ आली. दुकानातून उठून ते तसेच दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी "आ करा" म्हटल्यावर आधी ओठांतल्या चार टाचण्या काढून ठेवाव्या लागल्या.

गाठ वाईट निघाली. अर्धी जीभ काढायची आणि तिथे मांडीचा तुकडा शिवायचा, असं ठरलं. तुकडा जगावा म्हणून त्याची रक्तवाहिनी मानेतल्या वाहिनीला जोडायची होती. मास्तर आतून पार हादरले होते, पण धंद्याची सवय सुटते थोडीच! त्यांनी विचारलं, "माया किती सोडणार?" म्हणजे शिवणीसाठी जास्तीचं कापड, असा खुलासा बायकोने केला. डॉक्टरीणबाई हसल्या. तुकडा पुढे आकसतो, म्हणून थोडा मोठाच घेते, म्हणाल्या. मास्तरांना ते पटलं. उजवा पाय मात्र मशीनचा, त्याला हात लावायचा नाही, ही त्यांची अट. म्हणून डावी मांडी ठरली. तिथले केस कधीकधी तोंडातही वाढतात, हे ऐकल्यावर बायको म्हणाली, यांना बाहेरची दाढी करायचा कंटाळा, आता आतली कोण करणार?

खरी धास्ती वेगळीच होती. बोलणं पहिल्यासारखं स्पष्ट राहणार नाही, असं डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगितलं होतं. दुकानात मास्तर माप घेत, आकडा सांगत आणि बायको वहीत लिहून घेई. तीस वर्षं हेच चाललेलं. आकडाच कळला नाही तर कुणाचा कोट कुणाच्या अंगात जायचा? मग दुकानाला कुलूपच.

ऑपरेशन दहा तास चाललं. गळ्यात नळी असल्याने मास्तर पाटीवर लिहून बोलत. आठव्या दिवशी मांडीवरची पट्टी सुटली. त्यांनी शिवण निरखून पाहिली आणि लिहिलं, 'हात चांगला आहे. एक टाका तिरका.' डॉक्टरीणबाईंनी वाकून पाहिलं आणि निमूटपणे कबूल केलं.

तीन महिन्यांनी दुकान उघडलं. पहिलं गिऱ्हाईक एक बसड्रायव्हर. मास्तरांनी टेप लावली आणि आकडा सांगितला. शब्द असा जाड निघाला की ड्रायव्हरला ओ का ठो कळलं नाही. बायकोने मान खाली घालून लिहिलं. खांदा, बाही, कंबर, सगळं लिहिलं. मास्तरांना वाटलं, ही आपलं मन राखायला अंदाजपंचे ठोकतेय. त्यांनी वही ओढून घेतली. आकडा न् आकडा बरोबर होता, बाहीचा वरचा पाव इंचसुद्धा.

"तुम्हाला कसं हो कळलं?" ड्रायव्हरने विचारलं.

"तीस वर्षं तोंडात टाचण्या धरूनच बोलताहेत ते," ती म्हणाली. "आज तर जरा स्पष्टच बोलले."

मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि हसूही आवरेना. राहिलेलं छातीचं माप घेताना हसता हसता हातातली टेप सुटली, तेव्हा ते पुन्हा घ्यावं लागलं.